न विचारता केलेली खूण

आमच्या संघात बोलण्यालाही रांग असते. सगळ्यांत धाकटी चेंडूंची पिशवी उचलते, बाटल्या भरते आणि मैदानात काही दिसलं, तर आपल्याहून थोरलीला सांगते. ती तिच्याहून थोरलीला सांगते, आणि असं करत करत निरोप माझ्यापर्यंत येतो. मी ग्योंगरान, कोरियाच्या महिला हॉकी संघाची कप्तान, म्हणजे सगळ्यांची ओन्नी, थोरली बहीण. मीही याच रांगेतून वर आले, त्यामुळे तिच्यात मला कधी खोट दिसली नाही.

सोंगनामला आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना होता. जिंकणारा संघ विश्वचषकाला जाणार. मागचे दोन विश्वचषक मी घरी बसून, गुडघ्यावर बर्फ धरून बघितले होते. आता चौतिशी उलटली. ही संधी हुकली की माझा खेळ संपला.

चीनशी एक-एक बरोबरी होती आणि वेळ सरत आला होता. आमचा हल्ला त्यांच्या गोलासमोर अडला आणि पंचांनी चेंडू चीनला दिला. मी मागे पळायला वळले, तर दाबीन, आमचं शेंडेफळ, पंचांसमोर उभी राहून हातांनी इंग्रजी 'टी' अक्षराची खूण करतेय. व्हिडिओ बघा म्हणे! अशी दाद चुकीची ठरली की पुन्हा मागता येत नाही. मी ती अडीनडीला राखून ठेवलेली, आणि या कार्टीनं परस्पर उधळली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणाला विचारून केलंस?"

"कुणालाच नाही, ओन्नी."

"फार शिंगं फुटली का गं तुला?"

"चेंडू त्यांच्या एकीच्या पायाला लागला. मी बघितलं." तिनं मान खाली घातली, पण थांबली नाही. "परवाच्या सामन्यातही बघितलं होतं. तुमच्यापर्यंत निरोप येईस्तोवर खेळ पुढे गेला."

परवाचं खरं होतं, म्हणूनच मी जास्त चिडले.

"आणि नसला लागला तर?"

"तर वर्षभर ओरडा मला."

मोठ्या पडद्यावर चेंडू सावकाश सरकत आला. चिनी खेळाडूच्या बुटापाशी पोचला आणि किंचित वळला. हॉकीत चेंडू पायाला लागला की फाउल. बघणाऱ्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. पंचांनी निर्णय फिरवून आम्हाला पेनल्टी कॉर्नर दिला.

कॉर्नरचा चेंडू आत ढकलायचं काम दाबीनचंच. तिनं तो सणसणीत पाठवला, आमच्या सोराननं अडवला आणि मी अंगातला सगळा जीव मनगटात आणून फेकला. गोलरक्षक आडवी झाली, पण चेंडू तिच्या पायाखालून जाऊन गोलातल्या फळीवर थाडकन आदळला.

उरलेला वेळ आम्ही चेंडू कोपऱ्यात दाबून काढला. भोंगा वाजला आणि मी मैदानावरच बसकण मारून ढसाढसा रडले. इतकं सुख मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. पोरी अंगावर येऊन पडल्या. दाबीन तेवढी लांब उभी होती. मग जवळ आली आणि कमरेत वाकली.

"तुम्हाला न विचारता केलं, ओन्नी. चुकलं माझं."

मी तिची गचांडी धरून तिला सरळ उभी केली.

"विश्वचषकात मला विचारत बसलीस ना, तर गाठ माझ्याशी आहे!"