दुसऱ्या भागाचं शेवटचं रीळ

थिएटरात त्याला सगळे मशीनवाला म्हणत. त्याची बायको खाली तिकीट खिडकीवर होती. सिनेमा संपायच्या आधी बाहेरची दारं उघडणंही तिचंच काम, त्यामुळे बावीस वर्षांत तिनं एकाही सिनेमाचा शेवट पाहिला नाही. तो तिला घरी जाताना रस्त्यात सांगायचा.

"आणि त्याची आई कुठे होती तेव्हा?"

"असेल स्वयंपाकघरात."

"असेल म्हणजे? डोळे गहाण टाकले होतेस का?"

गुंडांच्या घराण्याच्या त्या सिनेमाच्या पहिल्या भागात धाकटा भाऊ फितूर होऊन पळाला. थोरला त्याला मारणार की घरात घेणार, यावर नवरा-बायकोची कित्येक महिने हुज्जत चालली.

"आईच्या डोळ्यांदेखत मारायचा नाही तो," ती म्हणायची. "येऊ दे दुसरा भाग."

दुसरा भाग आला तेव्हा तिला जाऊन चार महिने झाले होते.

आठवडाभर तो शेवटचं रीळ सुरू करून पाठ फिरवून बसला. एकट्यानं पाहायचं म्हणजे तिच्या वाटचं चोरून खाल्ल्यासारखं.

"भिंतीवर काय वेगळा सिनेमा लागलाय का रे?" दारावरचा म्हातारा वर येऊन म्हणाला. "आज दुपारचा खेळ शेवटचा. रिळांचे डबे परत चाललेत. नंतर बसशील हात चोळत."

त्या दुपारी त्यानं पाहिलं. इतकं पाहिलं, की रीळ बदलायची खूण पडद्याच्या कोपऱ्यात चमकून गेली आणि त्याला कळलंच नाही. पडदा पांढराफटक. शिट्ट्या. "ए मशीनवाल्या, मेलास का?" असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. त्यानं धावत शेवटचं रीळ चढवलेलं दुसरं मशीन सुरू केलं.

धाकटा घरी आला. थोरल्यानं त्याला आपल्या खुर्चीत बसवलं, आपल्या एका माणसाला आत ठेवलं आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत गोळी वाजली. आई वरच्या खोलीत धाकट्याच्या सदऱ्याला इस्त्री करत होती. आवाज ऐकून ती थांबली, आणि मग दुसरी बाही करायला घेतली.

संध्याकाळी घरी जाताना त्यानं हे सगळं हळू आवाजात सांगितलं, आई कुठे होती तेसुद्धा. मध्ये कुणी अडवलं नाही. एरवी घर यायचं तरी गोष्ट संपायची नाही. आज ती निम्म्या रस्त्यातच संपली.