न दिसलेल्या अकरा ओळी

सांगलीच्या औद्योगिक वसाहतीत साखर कारखान्यांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत सई १९९८ साली लागली. यंत्रं कशी चालवायची याची पुस्तिका इंटरनेटवर टाकायची, हे तिचं काम. मालकांचे चिरंजीव पृथ्वीराज आफ्रिकेत एका प्रदर्शनाला जाऊन आले होते. गिऱ्हाईक आता छापील पुस्तक मागत नाही, इंटरनेटवरचा पत्ता मागतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुण्यात सईचा कॉलेजमधला मित्र सौमित्र होता. त्यानं यासाठी एक प्रोग्राम लिहून दिला. मजकूर साध्या फाईलमध्ये लिहायचा. ओळीच्या सुरुवातीला फुली मारली की ती मथळा व्हायची, आडवी रेघ दिली की यादीतला मुद्दा. बाकी सगळं प्रोग्राम करायचा आणि इंटरनेटची तयार पानं काढून द्यायचा. त्याला नवी खूण शिकवायची असली तर एक छोटी फाईल लिहून जोडता यायची. सौमित्र त्या फाईलला प्लगइन म्हणायचा.

मजकूर सांगायचे आकारामकाका. ते आष्ट्याचे, एकतीस वर्षं फिटरचं काम केलेले. शाळा सातवीपर्यंत, पण मळीतून साखरेचे दाणे वेगळे करणारं सेंट्रिफ्यूगल मशीन त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. रोज जेवणाच्या सुट्टीनंतर ते सईच्या टेबलाशी स्टूल ओढून बसत. ते मराठीत सांगत, ती इंग्रजीत लिही. मग ती त्यांना परत मराठीत वाचून दाखवी, आणि ते मान हलवत किंवा नाही म्हणत.

एके दिवशी ते म्हणाले, "ताई, हे समदं एका दमात लिवू नका. चालू करायचं बटण आन् हात तुटायची गोष्ट एकाच रांगेत हाय. वाचणाऱ्याला कसं कळायचं?"

"मग काय करू?"

"त्याला कुंपण घाला."

सईला ते पटलं. दोन दिवस खपून तिनं पहिलं प्लगइन लिहिलं. ओळीआधी दोन उद्गारचिन्हं दिली की तेवढा मजकूर लाल चौकटीत यायचा. पहिली चौकट पडद्यावर उमटली तेव्हा काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "हां. आता कुत्रंबी थांबंल," ते म्हणाले.

अशा अकरा ओळी झाल्या. त्यातली सातवी काकांनी तीनदा वाचून घेतली होती. वीज गेली की मशीनचा ब्रेक पुरता लागत नाही. मोटर गप्प होते, पण आतली टोपली फिरत राहते आणि वाफेमुळं ते दिसत नाही. शंभर आकडे मोजल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. शेवटच्या पानावर मजकूर तपासणारे म्हणून काकांचं नाव घातलं. ते वाचून त्यांनी त्या पानाची एक प्रत घरी नेली.

ऑक्टोबरात सौमित्रची फ्लॉपी आली. प्रोग्राम त्यानं नव्यानं लिहिला होता, आता तो चौपट वेगानं चालणार होता. सोबत चिठ्ठी होती. 'जुनी प्लगइन यात चालणार नाहीत, नव्यानं लिहावी लागतील. ओळखीची नसलेली खूण आली की प्रोग्राम ती ओळ सोडून देतो. सगळी पानं एकदा बघून घे.'

सईनं चिठ्ठी वाचली. त्याच आठवड्यात पृथ्वीराजांना एका गिऱ्हाइकाला पानं दाखवायची होती आणि ते दिवसातून दोनदा विचारायला येत होते. तिनं प्रोग्राम चालवला. बत्तीस पानं झाली. पहिली चार तिनं उघडून पाहिली, ती आधीपेक्षा देखणी दिसत होती. त्या चार पानांत एकही चौकट नव्हती, कारण चौकटी नवव्या पानापासून सुरू होत. प्लगइन सोमवारी लिहू, असं तिनं ठरवलं आणि पानं इंटरनेटवर टाकली. सोमवारी दुसरंच काम आलं. मग ते राहून गेलं.

जानेवारीत कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या एका साखर कारखान्यातून फोन आला. हंगाम भरात होता. दुपारच्या पाळीत वीज गेली आणि मशीनवरच्या नाथाजी नावाच्या कामगारानं झाकण उघडून आत हात घातला. उजवा हात कोपरापासून गेला.

पृथ्वीराजांनी आकारामकाकांना केबिनमध्ये बोलावलं. कारखान्याच्या इंजिनिअरनं बेळगावला इंटरनेटवरून छापून घेतलेली पानं टेबलावर होती.

"वीज गेल्यावर काय करायचं, हे यात कुठंच नाही," पृथ्वीराज म्हणाले. "आणि तपासलं म्हणून खाली तुमचं नाव आहे."

"मी सांगितलं हुतं, साहेब. तीनदा वाचून घेतलं हुतं."

"मग दाखवा."

काकांनी पानं उलटली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, ते चौकट शोधत होते. चौकट सापडेना तसे ते दारात उभ्या असलेल्या सईकडं बघू लागले. सईनं खाली पाहिलं. तिथं बोलायला हवं होतं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

आपल्या टेबलाशी येऊन तिनं मूळ फाईल उघडली. अकराच्या अकरा ओळी तिथं होत्या, दोन-दोन उद्गारचिन्हांसकट. पानांवर एकही नव्हती. तासाभरानं ती पृथ्वीराजांकडं गेली आणि सगळं सांगितलं.

"पानं दुरुस्त करा," ते म्हणाले. "हे दुसऱ्या कुणाला सांगू नका. आकाराम तसेही दोन वर्षांनी रिटायर होणारच होते."

तिनं पानं दुरुस्त केली. चौकटी नाहीत, खुणा नाहीत, त्या अकरा ओळी साध्या मजकुरातच मोठ्या अक्षरांत घातल्या आणि बत्तीसही पानं एकेक करून वाचली. काकांना तोवर कामावरून कमी केलं होतं.

रविवारी ती आष्ट्याला गेली. काका अंगणात विळ्याला धार लावत होते. तिनं फ्लॉपी आली तिथपासून सगळं सांगितलं.

"म्हंजे मी बोललेलं हाय कुठंतरी," ते म्हणाले.

"फाईलमध्ये आहे. पानावर आलं नाही. मी बघितलं नाही, काका."

"त्या दिवशी का बोलला न्हाई?"

"भ्याले."

त्यांनी विळा बाजूला ठेवला. "मला वाटलं, म्हातारपणी मलाच भास झाला. रातीला उठून आठवायचो, सांगितलं का न्हाई." मग ते म्हणाले, "मला सांगून काय उपेग, ताई? ज्याचा हात गेला त्याला सांगा."

नाथाजीचं घर कवठे महांकाळच्या पुढं होतं. पुढच्या रविवारी एसटीनं सई तिथं पोचली. तो खाटेवर बसला होता, उजवी बाही दुमडून पिन लावलेली. त्याची बायको सुलाबाई दाराशी तूर निवडत होत्या. सईनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं.

"मला कुठं वाचाया येतंय, बाई," नाथाजी म्हणाला. "इंजिनिअर सायेबानं कागद हातात धरून समद्यांना वाचून दाखवलं. कानडीत एकदा, मराठीत एकदा. आमी ध्यान देऊन ऐकलं. लय चांगलं सांगितलं हुतं त्यांनी."

"त्यात ही ओळ नव्हती."

"न्हवती." तो हाताकडं न बघता म्हणाला. "आता घातली का?"

"घातली."

"बरं झालं."

सुलाबाईंनी सूप खाली ठेवलं. "आवं बाई, तुमच्या कंपनीचा माणूस येऊन गेला. चूक ह्यांचीच म्हणून सांगून गेला. तुमी जे आत्ता बोलला, ते लिवून द्याल का?"

सईनं नाथाजीकडं पाहिलं. सुलाबाईंनी फळीवरनं शाळेची वही काढली, मधलं पान फाडून दिलं. सईनं तारीख घातली, फ्लॉपी, चिठ्ठी, चार पानं, सोमवार, सगळं क्रमानं लिहिलं, आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. सुलाबाईंनी शाई वाळेपर्यंत कागद हातातच धरला.

तो कागद वकिलामार्फत कंपनीत पोचल्यावर सईला नोकरी सोडायला सांगितलं गेलं. आकारामकाकांना परत या म्हणून पत्र गेलं. ते गेले नाहीत, उत्तरही पाठवलं नाही. सौमित्रनं एकदा फोन केला. मी चिठ्ठीत लिहिलं होतं, असं म्हणाला. ती हो म्हणाली. त्यानंतर दोघांचं बोलणं झालं नाही.

सई विश्रामबागेत कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवू लागली. नाथाजीनं कंपनीवर लावलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्याच्या तारखांना तिला साक्षीदार म्हणून जावं लागे. नाथाजी पहिल्या दोन तारखांना आला, मग येईनासा झाला. सुलाबाई एकट्याच पहाटेच्या गाडीनं येत, पदराखाली कागदांची पिशवी धरून. दोघी कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी बसत, नाव पुकारण्याची वाट बघत. बहुतेक वेळा दुपारी शिपाई येऊन पुढची तारीख सांगून जाई.