पुन्हा विचारा

टेबलाची कड धरून टेरल खुर्चीत बसला आणि उजवा पाय त्याने सरळ पुढे सोडला. गुडघा वाकत नव्हता. विधानभवनाच्या त्या दालनात ही गोष्ट, त्याच्या समजुतीप्रमाणे, दोघांनाच ठाऊक होती: त्याला आणि त्याला आपल्या गाडीतून घेऊन आलेल्या हॅस्किन्सना.

हॅस्किन्सचा मोटारी विकण्याचा धंदा. कॉलेजच्या फुटबॉल संघातल्या टेरलसारख्या पोरांना पैसे देणाऱ्या मंडळाचे ते प्रमुख होते. करार साधा होता, मैदानात उतरलास तर पैसे. आज विधानसभेच्या समितीपुढे आलेल्या कायद्याच्या मसुद्यात मात्र म्हटलं होतं, की जायबंदी खेळाडूचे पैसे कुणालाही थांबवता येणार नाहीत. असल्या कायद्याची गरज नाही, हे एखाद्या खेळाडूच्याच तोंडून यायला हवं होतं. वाटेत हॅस्किन्सनी आवाज मुळीच चढवला नाही. शनिवारच्या सामन्याविषयी बोलले, आईला नवं घर मानवलं का, तेही विचारलं.

आई, लोरेटा, मागच्या रांगेत बसली होती. कोंबड्या कापायच्या कारखान्यात, त्या गारठ्यात, तिची उमेदीची वर्षं गेली होती. टेरलला पैसे मिळू लागले तेव्हा त्यानेच हट्टाने तिला नोकरी सोडायला लावली.

पाठ केलेलं सगळं टेरल बोलून गेला. समितीच्या प्रुइटबाईंनी चष्मा काढून हातात धरला.

"बाळा, दुखत असताना खेळायला तुला कुणी भाग पाडलंय?"

"नाही, मॅडम."

हॅस्किन्सनी समाधानाने मान हलवली. आणखी कुणाला काही सांगायचंय का, असं बाई विचारत होत्या, तोवर लोरेटा उठून माइकपाशी आलीसुद्धा.

"मी ह्याची आई. आज सकाळी मोजा चढवताना पोरगं भिंतीला टेकून रडत होतं. त्याला वाटलं, मी झोपलेय." तिने माइक जवळ ओढला. "सोमवारपासून मी कारखान्यात परत चाललेय. मुकादमाशी बोलणं झालंय. आता विचारा त्याला पुन्हा."

बाईंनी खरंच पुन्हा विचारलं. तोच प्रश्न, पण हळू.

टेरल आईकडे पाहत होता. माइकचा दांडा तिने धरला होता, पण आखडलेली बोटं त्याभोवती नीट मिटत नव्हती.

"कुणीच नाही, मॅडम," तो म्हणाला. या खेपेला त्याचा आवाज स्वच्छ होता. "आणि आईचं मनावर घेऊ नका. ती कुठंही जात नाहीये."