टीव्हीला लागणारी डिस्क

कुंभार पिंपळगावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या परवेजला डिस्कच्या जुन्या 'फॅट' फॉरमॅटचा फायदा चांगला ठाऊक होता. लग्नाचं शूटिंग ज्या डिस्कवर साठवायचं, तीच उचलून गिऱ्हाइकाच्या टीव्हीला जोडता यायची. जुनाट टीव्हीसुद्धा ती वाचायचा. दुसरी कॉपी काढायचा ताप वाचायचा, वर पाहुण्यांसमोर चहा आणि शाबासकी.

त्याची बहीण फलक जालन्याला कॉम्प्युटर शिकलेली. "भाई, दुकानातली डिस्क एनटीएफएस या नव्या फॉरमॅटची कर," ती म्हणाली. "लाईट गेली तर अर्धवट कामाची नोंद त्यात राहते. फॅटला काहीच याद राहत न्हाई. टीव्हीसाठी पेनड्राइव्ह दे."

"अप्पारावचा टीव्ही तुझं एनटीएफएस वाचतो का? मंग? गिऱ्हाईक तो हाय, तू न्हाई!"

उन्हाळ्यात कारभारींच्या तृप्तीचं लग्न झालं. जेवणं उरकल्यावर कारभारींनी माइकवरून सगळ्यांचे आभार मानले. छान बोलले म्हणतात. त्यांची बायको दुर्गाबाई तेव्हा आत लेकीजवळ रडत होत्या. पंधरवड्यात कारभारी गेले. दुर्गाबाईंनी निरोप धाडला, "परवेज, त्यांचं बोलणं तेवढं ऐकव रे बाबा. दुपारी येते."

त्याच सकाळी परवेज दुसरं लग्न डिस्कवर चढवत होता आणि लाईट गेली. आली तेव्हा तृप्तीच्या फोल्डरच्या जागी वेडीवाकडी अक्षरं. कॅमेऱ्याचं कार्ड तर कधीच पुसलेलं. डिस्क दुरुस्त करू का, कॉम्प्युटरनं विचारलं. दुपारी दुर्गाबाई येणार या घाईत परवेजनं 'हो' दाबलं.

"आधी डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची अन् नकलेवर हात चालवायचा!" फलक कपाळ धरून बसली. दुरुस्तीनं बिननावाचे तुकडे करून ठेवले होते. दुर्गाबाईंना परत पाठवावं लागलं. पुढं कित्येक दिवस सुट्टीला आलेली फलक ते तुकडे जोडत बसली. पंगत सापडली, बँड सापडला. एका तुकड्यात कारभारी सापडले.

निरोप मिळताच दुर्गाबाई दुकानात येऊन स्टुलावर बसल्या. पडद्यावर कारभारींनी माइकवर टिचकी मारली. "हॅलो, हॅलो... चालू हाय का रे?" इथं तुकडा संपला.

त्यांनी तो पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"पुढं काय बोलले?"

"मावशी, मी कॅमेऱ्यामागं होतो. पण ध्यानात न्हाई राह्यलं."

दुर्गाबाई उठल्या. परवेजनं परत द्यायला पुढं केलेले शूटिंगचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

आता दुकानातली डिस्क एनटीएफएस आहे, कॉप्या दोन निघतात, आणि परवेजची लग्नसराई जोरात आहे. फलकची सुट्टी गेली. आभाराचं बोलणं गेलं ते दुर्गाबाईंचं. फॉरमॅट ठरवताना त्यांना कुणी विचारलं नव्हतं.