उजवी कड

माझे वडील माणसांवर विश्वास ठेवत नाहीत, भिंगांवर ठेवतात. ही व्यवस्था त्यांना आयुष्यभर पुरली. गेल्या महिन्यात ती कोसळली, कारण त्यांच्या मते एका माणसानं त्यांचं भिंगच पळवलं.

हा माणूस म्हणजे स्प्रिंगकाका. जुने कॅमेरे दुरुस्त करणारा आमच्या माहितीतला एकमेव जिवंत मनुष्य आणि बाबांचा तरुणपणापासूनचा मित्र. बाबांचा कॅमेरा आईचे गुडघे गेल्यापासून कपाटात होता. त्यांचे फोटो आईच धुऊन छापायची, कारण डार्करूममधल्या रसायनांनी बाबांच्या हातांवर पुरळ यायचं. ती थांबली, तेव्हा तेही थांबले. यंदा त्यांना पुन्हा हुरूप आला. कॅमेरा काढला तर शटर अडकलेलं. तो स्प्रिंगकाकांकडे गेला, आठवड्यानं परत आला. बाबांनी बागेत जाऊन एक रोल संपवला, मी तो धुऊन, स्कॅन करून आणला आणि लॅपटॉपवर लावून दिला. तिथेच चुकलं. कागदावरच्या फोटोला माणूस हातभर अंतरावरून बघतो. स्कॅन बघताना बाबा नाक लावून बसले.

"हे बघ. डावीकडे बाकाच्या खिळ्यावरचा गंज दिसतोय. उजवीकडे काय आहे?"

"झाड असावं."

"असावं," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षांत माझ्या फोटोकडे बघून कुणी 'असावं' म्हटलेलं नाही."

खरोखरच उजवी कड लोणी फासल्यासारखी होती. रोलवरच्या छत्तीसही फोटोंत. बाकीचा फोटो चाकूसारखा आणि शेवटची बोटभर पट्टी भिजलेली.

"त्यानं भिंग बदललं," बाबा म्हणाले.

मी भिंगाभोवतीच्या कड्यावरचा नंबर त्यांच्या जुन्या वहीतल्या नंबराशी ताडून दाखवला. तंतोतंत जुळला.

"जुळणारच. नंबर कड्यावर असतो. कडं माझं, काच दुसऱ्याची. चोर शिकलेला आहे."

"बाबा, ते तुमचे मित्र आहेत."

"म्हणूनच त्याला माहीत होतं, काच किती चांगली आहे ते."

पुढे त्यांनी शांतपणे सांगितलं, की रविवारी जुन्या कॅमेरेवाल्यांच्या मंडळाची बैठक आहे आणि त्यांनी अध्यक्षांकडे पाच मिनिटं मागून ठेवली आहेत. विषय: सभासदांनी घ्यावयाची खबरदारी. मंडळाचे तीसेक सभासद, सगळ्यांचे कॅमेरे स्प्रिंगकाकांच्या टेबलावर जातात. बाबांनी भर सभेत चोर म्हटलं की सोमवारपासून त्या टेबलावर एकही कॅमेरा येणार नाही. काकांचं वय चौऱ्याहत्तर. ते टेबल सोडलं तर त्यांना घरात टीव्ही आणि जावई उरतात, आणि दोन्हींचा आवाज कमी करता येत नाही.

तो मंगळवार होता.

मी आधी स्कॅनरवर संशय घेतला. यंत्रावर संशय घ्यायला बरं असतं, ते बोलणं टाकत नाही. स्कॅनिंगच्या दुकानातल्या बाई पांढरे सुती हातमोजे घालून बसल्या होत्या. मी तक्रार सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी मान हलवली.

"माहितीय. सगळे आधी माझ्याकडेच येतात. फोटो हलला तरी मी, बायको जाड दिसली तरी मी."

"फिल्म नीट सपाट बसली नसेल, असं होऊ शकतं ना?"

"होऊ शकतं. बघू या." त्यांनी निगेटिव्हची पट्टी धारकातून काढली, दोन्ही टोकांची अदलाबदल करून पुन्हा घातली आणि यंत्र चालू केलं. "आता दोष माझ्या मशीनचा असेल, तर चित्र उलटं येईल पण धूसर जागा पडद्यावर तिथेच राहील. फिल्ममध्येच असेल, तर तीही फिरेल."

धूसर जागा आज्ञाधारकपणे फिरली.

"म्हणजे कॅमेरा," बाई म्हणाल्या आणि एक हातमोजा काढून मला पावती दिली. त्यांच्या चेहऱ्यावर निर्दोष सुटलेल्या माणसाचं समाधान होतं. मला हेवा वाटला.

तिथून मी स्प्रिंगकाकांकडे गेलो. ते बर्फाच्या ट्रेमध्ये स्क्रू ठेवतात, प्रत्येक खणात एका कॅमेऱ्याचे. ट्रे भरलेला होता. मी सहज आल्यासारखं दाखवलं. सहज येणाऱ्या माणसाच्या हातात लॅपटॉप नसतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"बाबांचे नवे फोटो एका बाजूला जरा मऊ येताहेत," मी म्हणालो.

"उजवी कड?" काका म्हणाले.

मी बाजू सांगितली नव्हती.

काकांनाही ते कळलं असावं, कारण ते एकदम टेबलाखाली वाकले आणि न पडलेला स्क्रू शोधायला लागले.

"काका, भिंग उघडलं होतं का तुम्ही?"

"शटर साफ केलं. काचेला हात नाही लावला." आवाज टेबलाखालून येत होता. "माझ्याकडे आलं तसंच परत गेलं."

"मग उजवी बाजू कशी ओळखलीत?"

बराच वेळ स्क्रू सापडला नाही. मग ते वर आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वहिनी बऱ्या आहेत ना?"

येईपर्यंत मी त्यांच्या बाजूचा होतो, जाताना नव्हतो. बाबा नेहमी म्हणायचे की मला माणसं ओळखता येत नाहीत, आणि ते बरोबर निघण्याची ही पहिली वेळ नसती.

घरी आल्यावर मी बाबांना एवढंच सांगितलं, की पुरावा हवा. काच बदलली म्हणायचं, तर आधीची काच चांगली होती हे दाखवता आलं पाहिजे. बाबांना हे फारच आवडलं. त्यांनी कपाटातून चपट्या पाकिटांचा डबा काढला आणि त्यातून न शोधता एक पट्टी काढली.

"सायकलवाला," ते म्हणाले.

सायकलवाला आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे. रिकामा पूल आणि त्यावर एकटा माणूस सायकल हातात धरून चालतोय. या फोटोला चाळीस वर्षांपूर्वी पहिलं बक्षीस मिळालं होतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, 'एकाकीपणाची घट्ट चौकट'. ते वाक्य बाबा आम्हाला अजूनही जेवताना ऐकवतात. फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत लख्ख आहे.

"याच कॅमेऱ्यानं, याच काचेनं. आहे तेवढी सगळी फ्रेम स्कॅन करायला सांग. एक केसही कापायचा नाही."

बाईंनी एक केसही कापला नाही. गुरुवारी दुपारी चित्र पडद्यावर उतरलं. पूल आला, सायकलवाला आला. मग उजवीकडे बोटभर पट्टी आली, जी भिंतीवरच्या फोटोत नाही. ती लोणी फासल्यासारखी होती आणि तिच्यात कुणीतरी उभं होतं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

चेहरा कळत नव्हता. पण काखेत ती मोठी चौकटीची पिशवी आणि कमरेवर हात. असा हात आमच्या घराण्यात एकाच व्यक्तीचा.

"माझी आत्या," मी म्हणालो.

घरी बाबा दुपारचे झोपले होते. आई स्वयंपाकघरात भाजी निवडत होती. मी लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला. तिनं हात पुसले, चष्मा लावला, चित्राकडे पाहिलं आणि पुन्हा भाजी जवळ ओढली.

"एवढं दिसतं का आता," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"हळू बोल." तिनं दाराकडे पाहिलं. "कॅमेरा माझ्या हातून पडला होता. लग्नाला आठ महिने झाले होते. कपाट पुसत होते. हे बाहेरगावी गेलेले. मी तशीच उठले आणि भावजींकडे गेले."

"स्प्रिंगकाकांकडे."

"त्यांनी सगळं सरळ केलं. आतली एक काच मात्र किंचित तिरकी राहिली. त्यासाठी लागणारं हत्यार तेव्हा नव्हतं त्यांच्याकडे. म्हणाले, वहिनी, उजवी कड जरा सोडून देत जा. कागद तसाही निगेटिव्हच्या प्रमाणात आखूड असतो, एका बाजूचं काहीतरी सोडावंच लागतं. मी उजवीकडचं सोडलं."

"प्रत्येक फोटोत?"

"उभा फोटो असला की वरचं. आभाळ कोण तपासतं?"

"आणि बाबांना कधी कळलं नाही?"

"ते निगेटिव्ह खिडकीपाशी धरायचे, कुणाचे डोळे मिटलेत का एवढं बघायचे. एवढ्याशा चित्रात कळतंय काय." तिनं देठ मोडलं. "नंतर सांगणार होते मी. तेवढ्यात त्यांना बक्षीस मिळालं."

मी तिला रविवारच्या पाच मिनिटांबद्दल सांगितलं. काकांवर काय येणार आहे, ते तिला माहीतच नव्हतं. निवडलेली आणि न निवडलेली भाजी तिनं एकाच भांड्यात टाकली. आईच्या हातून असं होत नाही.

"भावजी काहीच बोलले नाहीत?"

"तू बरी आहेस का विचारलं."

ती उठली. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो, त्या दिवशी लागला नाही.

बाबा उठून पलंगावर बसले होते. मी चित्र दाखवलं. त्यांनी पडद्याला नाक लावलं.

"निगेटिव्हसुद्धा बदललं," ते म्हणाले.

"बाबा, त्यात आत्या आहे."

"तिला मी सांगितलं होतं, चौकटीबाहेर हो म्हणून."

"झाली नव्हती," आई दारातून म्हणाली. "त्या कधी कुणाचं ऐकतात? मी काढलं त्यांना. काच मी तिरकी केली आणि त्यांनाही मीच काढलं. भावजींनी काही चोरलेलं नाही."

मग तिनं कपाट, पडणं, आठ महिने, सगळं उभ्यानंच सांगितलं. पूर्ण झाल्यावर बाबांनी फक्त विचारलं, "एकूण किती फोटो?"

"सगळे."

"म्हणजे ती घट्ट चौकट..."

"चौकट तुमचीच," आई म्हणाली. "मी नुसती कड सोडली."

शुक्रवारी आणि शनिवारी घरात जेवताना परीक्षकांचं वाक्य कुणी ऐकवलं नाही. रविवारी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा गळ्यात अडकवून निघाले. काय बोलणार ते सांगेनात. पाच मिनिटं त्यांनी परत केली नव्हती, म्हणून मीही मागून गेलो.

स्प्रिंगकाका शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. अध्यक्षांनी विषय वाचला. बाबा उठले आणि बोलले, सव्वापाच मिनिटं. जुन्या भिंगांची कड शंभरात नव्वद वेळा मऊ असते, नव्या स्कॅनवर ती दिसते, ती दिसल्याबरोबर दुरुस्ती करणाऱ्यावर संशय घेण्याआधी सभासदांनी एक चाळीस वर्षांपूर्वीचं निगेटिव्ह स्कॅन करून पाहावं. असे संशय घेणारे लोक मंडळात आहेत, असं त्यांच्या कानावर आलं होतं. असल्या लोकांची त्यांना लाज वाटते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

मंचावरून उतरल्यावर ते सरळ दाराजवळ गेले आणि गळ्यातला कॅमेरा काढून काकांच्या मांडीवर ठेवला.

"काय झालं याला?" काकांनी विचारलं.

"काही नाही. बघ जरा."

"आतली काच सरळ करू? हत्यार आहे आता."

बाबांनी विचार केला. "नको," ते म्हणाले. "तुझ्या वहिनीला सवय झालीय."

त्यानंतर बाबांचा दिनक्रम बदलला. आता ते जेवण झालं की निगेटिव्हचा डबा घेऊन खिडकीशी बसतात, डोळ्याला भिंग लावतात आणि आईनं काय काय सोडलं ते शोधतात. "हे कोणाचं कोपर?" असं ओरडून विचारतात. आई स्वयंपाकघरातून न बघता नाव सांगते. त्यातल्या बहुतेक वेळा ते आत्याचं असतं.

शेवटी मी आत्याला फोन केला. म्हटलं, बक्षीस मिळालेल्या त्या फोटोत तू आहेस, आईनं छापताना तुला कापलं, पण त्याला कारण होतं. मी काचेपासून सुरुवात केली. तिनं मला पुरं होऊ दिलं नाही.

"काच राहू दे," आत्या म्हणाली. "चाळीस वर्षं मी सांगतेय, मुद्दाम कापतात. तेव्हा तुम्ही सगळे मला संशयी म्हणत होतात."