गाळाचा हौद

हसनाबादजवळच्या मळ्यात कल्याण आणि सुरेखाने ताडपत्रीच्या दोन गोल टाक्यांमध्ये तिलापिया मासे पाळले होते. टाक्यांच्या तळाशी माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य साचायचं. रोज सकाळी तो गाळ फरशीने झाकलेल्या हौदात सोडायचा, कुजवायचा आणि पाणी घालून मिरचीला द्यायचा. त्या वर्षी विकतच्या खताची एकही गोणी न आणता मिरची कमरेला लागली होती.

अकराच्या सुमारास हौदातला गाळ उपसणारा मडपंप तुंबला. कल्याणने फरशी सरकवून शिडी लावली.

"गुडघाभरच गाळ हाय. पंपाची जाळी मोकळी करून जल्दी येतो," म्हणत तो उतरला.

सुरेखा माशांना खाद्य टाकत होती. थोड्या वेळाने तिने हाक मारली, "अहो, निघाली का जाळी?"

उत्तर आलं नाही. ती हौदाकडे गेली. सडक्या अंड्यांचा भपकारा नाकात घुसला. खाली कल्याण भिंतीला टेकून बसला होता, मान छातीवर पडलेली, एक हात शिडीच्या पायरीत अडकलेला.

"अहो!" ती किंचाळली आणि शिडी उतरू लागली. दोन पायऱ्या गेली तोच डोळे झोंबले, आणि एकाएकी वास यायचा थांबला. तिच्या मामाची दोन्ही मुलं संडासाच्या टाकीत अशीच गेली होती, एकाला काढायला दुसरा उतरला म्हणून. वास मरतो तेव्हा गॅस जास्त असतो, असं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती कशीबशी वर आली.

ओरडा ऐकून कल्याणचा धाकटा भाऊ सोमेश्वर मिरचीतून पळत आला. खाली पाहताच त्याने शिडीला हात घातला. सुरेखाने त्याचा सदरा मागून गच्च धरला.

"उतरू नका भाऊजी! गॅस हाय खाली!"

"दादा मरून राह्यला अन् मी बघत बसू? सोडा वहिनी!"

"तुम्ही पडले तर मंग मी कोणाकोणाला काढू?"

सदरा टरकला, तरी तिने सोडला नाही. मागे माशांच्या टाक्यांना हवा देणारा ब्लोअर घुमत होता. तिचं लक्ष तिकडे गेलं.

"ब्लोअरची मोठी नळी काढा. हौदात सोडा."

"सगळे मासे मरतील."

"मरू द्या!"

नळी खाली गेली. सुरेखाने ती बांबूला बांधून कल्याणच्या तोंडाजवळ धरली. त्याची छाती हलत होती की हवेने सदरा फडफडत होता, तिला कळेना. दोघांचा आरडाओरडा ऐकून शेजारच्या शेतातला बुद्धभूषण कासरे घेऊन धावत आला. ॲम्ब्युलन्सला त्याने वाटेतच फोन लावला होता. टाक्यांमध्ये मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. कोणी तिकडे पाहिलं नाही.

दहा मिनिटं तिने सोमेश्वरला थांबवून धरलं. मग कमरेला कासरा बांधूनच त्याला उतरू दिलं.

"बोलत राहा भाऊजी. आवाज थांबला की ओढून घेऊ."

"हाय वहिनी... हाय... दादाच्या काखेतून कासरा घालून राह्यलो..."

आणि आवाज थांबला.

"भाऊजी!" सुरेखाने कासऱ्याला हात घातला. "ओढा, बुद्धभूषणभाऊ!"

"थांबा! गाठ दातानं आवळत होतो," खालून सोमेश्वर खोकला. "आता ओढा! दादाला ओढा!"

आधी कल्याण वर आला, मागून सोमेश्वर. कल्याणचे ओठ निळे होते. श्वास होता, पण इतका बारीक की सुरेखा ॲम्ब्युलन्समध्ये जालन्याच्या दवाखान्यापर्यंत त्याच्या नाकापुढे हात धरूनच बसली. दोन दिवस त्याने तिला ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने पाणी मागितलं, आणि ती व्हरांड्यात जाऊन पहिल्यांदा मोठ्याने रडली.

एका टाकीतले सगळे मासे मेले, दुसरीतले निम्मे. सोमेश्वर आणि बुद्धभूषणने ते मिरचीच्या दोन ओळींमध्ये चर खणून पुरले.

घरी आल्यावर कल्याण म्हणाला, "हौद बुजवून टाकू."

"न्हाई," सुरेखा म्हणाली. "मिरची त्याच्यावरच उभी हाय. पण माणूस आत जाईल अशी जागा ठेवायची न्हाई."

पंप वरून साखळीने ओढता येईल असा लावला. फरशी काढून हौदावर लोखंडी जाळी बसवली. वेल्डिंग चालू असताना तिने कल्याणला पलीकडे बाजेवर बसवून ठेवलं होतं, आणि शेवटचा टाका पडेपर्यंत त्याचं मनगट सोडलं नव्हतं.