लेकीनं पाठवलेला व्हिडिओ

"इन्सुलिन बंद कुणी करायला सांगितलं?" डॉक्टरांनी विचारलं, आणि धाकट्या भावानं बहिणीकडे बोट दाखवलं.

बहीण त्याच वॉर्डात नर्स. घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. आज समोरच्या कॉटवर तिची आई होती, साखर भलतीच चढलेली, डोळे अर्धवट मिटलेले, ओठ कोरडे ठणठणीत. सिस्टर सलाइन लावत होती. भाऊ काय म्हणतोय हेच तिला आधी कळेना. मग त्यानं फोन पुढे धरला.

व्हिडिओ तिनंच घरच्या ग्रुपवर टाकला होता. पांढरा कोट घातलेला कुणी महाभाग सांगत होता, इन्सुलिन फेकून द्या, कडू पानांचा काढा प्या. ड्युटीवर सगळ्याजणी पोट धरधरून हसल्या, म्हणून घरच्यांनीही हसावं एवढाच तिचा हेतू. सोबत एक अक्षर लिहिलं नव्हतं. इतक्या धडधडीत मूर्खपणावर लिहायचं तरी काय?

आई हसली नव्हती. ऐऱ्यागैऱ्याचं ती मुळीच ऐकायची नाही. पण दवाखान्यातल्या लेकीनं पाठवलंय म्हणजे पारखूनच पाठवलं असणार. रोजच्या सुयांना बिचारी कंटाळलीही होती. काढा उकळू लागला. शेजारच्या मावशींनाही तिनं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनाही साखरेचाच आजार.

भावानं हे सगळं सिस्टरला सांगितलं. तिनं तिथूनच मावशींना फोन लावला, काढा सोडा, सुई घ्या म्हणून काकुळतीला आली.

"तेव्हा तूच पाठवलंस, आता तूच नाही म्हणतेस," मावशी म्हणाल्या. "आम्ही खरं काय धरायचं गं?"

"मी चुकले, मावशी," एवढंच तिला सुचलं. मावशींना घेऊन ये म्हणत तिनं भावाला पिटाळलं.

संध्याकाळी साखर उतरू लागली. धोका टळला असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा सिस्टर बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडली. तोंड धुऊन, इंजेक्शन भरून ती आईपाशी आली. एरवी आई लेकीपुढे डोळे मिटून दंड पुढे करायची. आज तिनं हात चादरीखाली घेतला.

"काय आहे त्यात?" आईनं विचारलं.

सिस्टरनं औषधाची बाटली आईच्या डोळ्यांसमोर धरली आणि एकेक शब्द वाचून दाखवू लागली. आई लक्ष देऊन ऐकत होती. हात मात्र अजून चादरीखालीच होता.